कॉर्न स्नेक ओळखताना या चुका टाळा

दर वर्षी ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर सापांचे फोटो यायला सुरुवात होते. आम्ही जॉर्जियात, अटलांटाच्या उत्तरेला राहतो. घरामागे ओढा, ओढ्यापलीकडे पाइनची झाडी. मला सापांचं वेड आहे हे इथल्या मराठी मंडळींना माहीत आहे, त्यामुळे डेकखाली काही वळवळलं की फोटो माझ्याकडे येतो. खाली एकच प्रश्न: "कॉपरहेड आहे ना? मारू का?" कॉपरहेड हा इथला विषारी साप. पण कितीतरी वेळा फोटोतला साप कॉर्न स्नेक असतो. विष नाही, उंदीर आवळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. तेच तेच गैरसमज निस्तरून मी थकले आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावरून साप ओळखणं. कॉर्न स्नेक म्हणजे केशरी साप, हे डोक्यात बसतं ते दुकानातल्या आणि जाहिरातीतल्या फोटोंमुळे. रानातला कॉर्न स्नेक एका रंगाचा कधीच नसतो. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडच्या जॅस्पर काउंटीत लालभडक चट्टे आणि त्यांना जाड काळी किनार असलेले साप मिळतात. मायामीकडे पाठीची जमीन, म्हणजे चट्ट्यांमागचा मूळ रंग, करडी, त्यावर केशरी चट्टे. फ्लोरिडा कीज बेटांवर काळा रंग इतका कमी होतो की साप फिकट गुलाबी वाटतो. कोप या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये या बेटांवरच्या सापांना वेगळं नावसुद्धा दिलं होतं, पुढे ते मागे पडलं. आणि डोंगराकडे जावं तसे तपकिरी, मातकट कॉर्न स्नेक भेटतात, पानगळीत ठेवले तर शोधूनही सापडणार नाहीत असे. हे सगळे एकाच जातीचे. लिनियसने १७६६ मध्ये तिला 'गुटाटस', म्हणजे ठिपक्यांचा, हे नाव दिलं. नाव देताना त्यानेही रंग धरला नाही, नक्षी धरली.

पिल्लांच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते, सापाच्या. पिल्लं साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये अंड्यातून बाहेर येतात, वीतभर किंवा थोडी मोठी. तेव्हा त्यांच्या अंगावर केशरी जवळजवळ नसतोच. करडी जमीन, त्यावर गडद तपकिरी चट्टे. लाल-केशरी रंग हळूहळू, महिन्यामहिन्याने भरत जातो. गळ्याजवळचा पिवळा तर आणखी उशिरा येतो.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका शनिवारी ओळखीच्या एका काकांचा फोन आला. डेकच्या पायरीवर "कॉपरहेडचं पिल्लू" होतं, नातू अंगणात खेळत होता, त्यांनी फावड्याने काम उरकलं होतं. आता आणखी पिल्लं असतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी गेले. पायरीवर वीतभर साप दोन तुकड्यांत पडला होता. मी काडीने उलटा केला. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, बुद्धिबळाचा पट लहान करून चिकटवावा तशी. रंगीत दाण्यांचं मक्याचं कणीस अगदी असंच दिसतं, आणि कॉर्न स्नेक हे नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण मानतात. मग वरची बाजू पाहिली. मानेवरच्या पहिल्या दोन चट्ट्यांच्या मधे, नखाएवढ्या जागेत, केशरी रंग नुकता उमटायला लागला होता. मी काकांना ते दाखवलं. ते बराच वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, पण हा तर तपकिरी आहे." मला त्यांचा राग आला नाही. नातवाची भीती खरी होती. त्यांना कोणी रंगापलीकडे बघायला शिकवलंच नव्हतं.

आता बघायचं काय, तर माझी सवय सांगते. मी आधी पाठ बघते. कॉपरहेडच्या अंगावर आडवे डमरू असतात: पाठीच्या कण्यावर निमुळते, दोन्ही बाजूंना रुंद. कॉर्न स्नेकचे चट्टे खोगिरासारखे पाठीच्या मधोमध बसलेले असतात, तिथेच सगळ्यात रुंद, आणि बहुधा काळी किनार असलेले. ही किनार कधी जाड, कधी दोऱ्याएवढी. जवळचे दोन चट्टे कधी एकमेकांना चिकटलेलेही असतात, त्याने गोंधळू नका. मग डोकं. कॉपरहेडचं डोकं कोरं, तांब्याच्या भांड्यासारखं. कॉर्न स्नेकच्या मानेवरून दोन रेघा पुढे येऊन डोळ्यांच्या मधे मिळतात आणि भाल्याचं पातं तयार होतं. शेपटीचं टोक पिवळं-हिरवट असेल तर ते कॉपरहेडचं पिल्लू, लांबच राहा. हे सगळं सहा फुटांवरून, फोनच्या झूमने होतं. ओळख पटायच्या आधी साप हातात घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी त्यांना फोटो पाठवू नका म्हणून सांगते.

गावाकडे बिनविषारी कवड्याला विषारी मण्यार समजून मारतात, तशीच ही गोष्ट. तिथेही काळा-पांढरा एवढंच बघितलं जातं. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात, हे बघायला कोणी थांबत नाही.

डोकं त्रिकोणी आहे म्हणून विषारी, ही समजूत सोडा. घाबरलेला कॉर्न स्नेक डोकं चपटं करतो.

शेपटी थरथरवतो म्हणून रॅटलस्नेक, हीसुद्धा. वाळक्या पानांत त्याची शेपटी चांगली वाजते.

दुसरा माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे 'ओकीटी'. जॅस्पर काउंटीतल्या ओकीटी नावाच्या शिकारी क्लबच्या जमिनीवरचे लालभडक साप स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाच्या कार्ल कॉफेल्ड यांच्या लिखाणामुळे १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाले. म्हणजे ओकीटी हे मुळात जागेचं नाव आहे. त्याच जमिनीवर साधे तपकिरी कॉर्न स्नेकही निघतात. आता कुठलाही जाड किनारीचा लाल साप दिसला की लोक 'ओकीटी' म्हणतात, आणि रानात दिसलेल्या सापालाही दुकानातली मॉर्फची, म्हणजे पाळीव सापांच्या रंगप्रकारांची, नावं चिकटवतात. असं करू नका. रानातल्या सापाच्या नोंदीत गाव, तारीख आणि दिसला तसं वर्णन लिहा. मी वहीत "करडी जमीन, विटकरी चट्टे, किनार बारीक" असं लिहिते. दहा वर्षांनी वाचलं तरी साप डोळ्यांसमोर उभा राहतो.

शार्लट शहरातल्या एका मुलाने सापांच्या प्रदर्शनातून 'ओकीटी' म्हणून पिल्लू आणलं आणि तिसऱ्या महिन्यात मला फोन केला: फसवलं, हे तपकिरीच आहे. मी म्हटलं, दोन वर्षं थांब, दर कातीनंतर एकाच खिडकीपाशी दुपारच्या उजेडात एक फोटो काढ. तो थांबला नाही, त्याने ते विकून टाकलं. ज्याने घेतलं त्याने पुढच्या वर्षी मला फोटो पाठवला. चट्टे पेटल्यासारखे लाल झाले होते. ज्यांना रंग आजच्या आज हवा आहे त्यांनी साप पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

करडं पिल्लू दिसलं की "रानात ॲनेरी (लाल रंगच नसलेला कॉर्न स्नेक) सापडला" म्हणून उड्या मारू नका. असे कॉर्न स्नेक रानात खरंच असतात, नैर्ऋत्य फ्लोरिडात ते प्रसिद्ध आहेत. पण आमच्याकडे करडं पिल्लू बहुधा रॅट स्नेक या दुसऱ्या बिनविषारी सापाचं निघतं. डोळ्यामागची रेघ बघा. कॉर्न स्नेकची रेघ जबड्याच्या कोपऱ्यापलीकडे मानेवर उतरते, रॅट स्नेकची तोंडाच्या कडेशी संपते. भाल्याचं पातंही त्याला नसतं.

फ्लॅशच्या फोटोवरून रंग सांगू नका.

डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर साप कात टाकणार आहे. तेव्हा सगळाच रंग मळका दिसतो, आठवडाभर थांबा.

पाळलेला साप रानात सोडू नका, त्याचा रंग कितीही 'नैसर्गिक' असला तरी. आणि रानातला घरी आणू नका. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप मारणं आणि पकडून ठेवणं दोन्ही बेकायदा आहे. न्यू जर्सीत तर कॉर्न स्नेक संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे.

मला फोटो पाठवाल तेव्हा दोन पाठवा: एक डोकं आणि मान दिसेल असा वरून, एक पाठीचा मधला भाग. साप खिडकीच्या काचेवर किंवा भिंतीवर चढत असेल तर पोटाचाही घ्या, पण त्यासाठी त्याला उलटा करायला जाऊ नका. मुलांना घरात घ्या, आणि माझं उत्तर येईपर्यंत फावडं गराजमध्येच राहू द्या.