लंडनमध्ये नवीन आलात? आधी पार्डनर शोधा

जमैकाहून लंडनला येऊन महिना दोन महिने झाले की एक गोष्ट कळते, घरमालकाला डिपॉझिट एकरकमी हवं असतं आणि बँक नव्या माणसाला कर्ज द्यायला नाखूष, कारण इथली क्रेडिट हिस्टरीच नसते. 1948 ला एम्पायर विंडरश बोटीने लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरलेल्या कॅरिबियन लोकांची आणि त्यांच्या मागून आलेल्यांची तर याहून वाईट गत होती, खोलीसुद्धा कोणी धड देईना, मग त्यांनी गावाकडची पार्डनर इथे लावली आणि कित्येकांनी त्यातूनच घराचं डिपॉझिट भरलं. म्हणजे आपली भिशीच हो! त्रिनिदादवाले तिला सूसू म्हणतात, गयानावाले बॉक्स हँड, बार्बाडोसवाले मीटिंग टर्न.

समजा दहा जण आहेत आणि प्रत्येकी आठवड्याला 50 पाउंड, तर दर आठवड्याला एकाच्या हातात 500 पडतात आणि दहा आठवड्यांत सगळ्यांचा नंबर लागून जातो. पैसे भरले की 'थ्रो', उचलले की 'ड्रॉ'. व्याजबीज काही नाही. ज्याचा नंबर आधी त्याला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखं, शेवटच्याची सक्तीची बचत.

खरी मेख बँकरमध्ये आहे, म्हणजे पैसे गोळा करणारी व्यक्ती, बहुतेक वेळा चर्चमधली किंवा ओळखीतली एखादी वयस्कर बाई. तिला सरळ विचारा, आधी किती फेऱ्या चालवल्यात, कोणी मधेच पैसे थांबवले तर भरणार कोण? उत्तर देताना चाचरली तर राहू द्या. आणि ती पण तुमच्याबद्दल विचारणारच, ओळखीचं कोणी नसेल तर सहसा घेतच नाहीत, घेतलं तरी नंबर शेवटचा, त्यात रुसायचं नाही. डिपॉझिटची तारीख ठरलेली असेल तर फेरी सुरू व्हायच्या आधी सांगा, कोणीतरी नंबर बदलून देतं.

रक्कम ठरवताना ओव्हरटाइम धरू नका, शिफ्ट कमी झाल्या त्या आठवड्यातही भरता येईल तेवढीच घ्या, कारण भांडणं होतात ती ड्रॉ घेऊन झाल्यावर थ्रो चुकवणाऱ्यांवरून. प्रत्येक थ्रोची नोंद स्वतःच्या वहीत पण ठेवा. ड्रॉ मिळाला की बँकरच्या हातावर थोडेफार ठेवायची पद्धत आहे, किती ते जुन्या मेंबरांना विचारा.

हे पैसे बँकेतल्या ठेवीसारखे सुरक्षित नसतात, बुडाले तर सरकारी भरपाई नाही, आणि पार्डनरने क्रेडिट स्कोअरही वाढत नाही, म्हणून बँकेचं खातं उघडायचं काम मागे टाकू नका.