बुटात काच टाकू नका: बॅलेवर थ्रिलर लिहिताना होणाऱ्या चुका

बॅलेवर सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायला घेतलेल्या हस्तलिखितात काच साधारण चौथ्या प्रकरणात येते. नायिका घाईघाईने बूट चढवते, किंचाळते, सॅटिनवर रक्त पसरतं आणि दाराआडून प्रतिस्पर्धी मुलगी बघत असते. रहस्यकथांची हस्तलिखितं वाचणं हे माझं काम, त्यामुळे ही काच आजवर माझ्याच पायात कितीदा घुसली असेल! खरं तर पहिल्यांदा ती मीच टाकली होती, एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या दीर्घकथेत. संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "तिने बूट आधी हातात घेतला नाही का?"

घेतला असणार. पॉइंट शू, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचा बूट, दुकानातून आणला आणि पायात सरकवला, असं होत नाही. त्याचं कडक टोक कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून केलेलं असतं. नवा जोड आला की नर्तकी आधी त्याचे हाल करते. तळातला कडक पट्टा वाकवते, नको तेवढा कापून टाकते. रंगमंचावर ठकठक ऐकू येऊ नये म्हणून टोक जिन्याच्या पायरीवर आपटते. घसरू नये म्हणून तळ खरवडते, वर राळेची पूड लावते. रिबिनी आणि इलॅस्टिक बहुतेक जणी स्वतःच शिवतात, आणि कित्येक जणी दोऱ्याऐवजी दात साफ करायचा फ्लॉस वापरतात, कारण तो सहसा तुटत नाही. एवढा खटाटोप करून मोठ्या भूमिकेत तो जोड एका प्रयोगातच मऊ पडतो. लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीत हाताने बूट करणारा प्रत्येक कारागीर तळावर आपली खूण उमटवतो, आणि नर्तकी वर्षानुवर्षं त्याच खुणेचे बूट मागवत राहते.

ज्या वस्तूला मालकिणीचा हात इतक्यांदा लागतो, तिच्यात काच लपणार कशी? पण नेमकी हीच अडचण लेखकाच्या कामी येते. माझा तो प्रसंग मी पुन्हा लिहिला तेव्हा असा झाला:

"मीराने रिबिनीवरून अंगठा फिरवला. डाव्या बुटाचे टाके तिरपे होते. तिचेच. उजव्याचेही तिरपे होते, पण उलट्या बाजूला झुकलेले. डावखुऱ्या हाताचे. तिने रिबीन ओढून पाहिली. पक्की होती. तिच्या शिलाईपेक्षा पक्की."

कुणीतरी तिचा बूट उसवून पुन्हा शिवला आहे, तोही तिच्यापेक्षा चांगला. हा घातपात म्हणायचा की मदत? मीराला ठरवता येत नाही, वाचकालाही येत नाही.

या विषयात खरी भीती इथे आहे. बॅलेत शिकवणं आणि छळणं बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. शिक्षक येऊन तुमची मांडी धरून फिरवतो, कुणीतरी तुमच्या कंबरेकडे रोखून बघतं, पाय दुखतो आणि सगळे म्हणतात, दुखणारच. यातलं काय रोजचं आणि काय घातक, हे ठरवणं नायिकेला खरोखरच अवघड असतं. म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक इथे फुकटात मिळतो. तरीही बहुतेक लेखक तिला वर आणखी भास देतात, जुनाट आजार देतात, आणि शेवटी "हे सगळं तिच्या मनात होतं" म्हणून हात झटकतात. तीनशे पानं वाचलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते, आणि त्याचं चुकत नाही. मनाचे खेळ हवेतच असतील तर एका वहीत दोन रकाने करा. एकात खरोखर घडलेलं, दुसऱ्यात तिला वाटलेलं. पहिला रकाना रिकामा राहत असेल तर कादंबरी अजून सुरू झालेली नाही.

आरशाचंही तसंच. आरशातलं प्रतिबिंब आपणहून हसलं, ही कल्पना आता कुणाला घाबरवत नाही. त्यापेक्षा सकाळचा क्लास नीट बघा. बॅले कंपनीतल्या सगळ्यात मोठ्या तारकेलाही तो सुटत नाही आणि तिलाही सुरुवात गुडघे वाकवण्यापासून, प्लियेपासूनच करावी लागते. सगळ्या जणी डावा हात आधाराच्या आडव्या दांड्यावर ठेवून एकीमागे एक उभ्या राहतात. समोर फक्त पुढचीची पाठ आणि अंबाडा. एक बाजू झाली की सगळ्या वळतात आणि तोच व्यायाम दुसऱ्या पायाने करतात. इतका वेळ जिची मान तुम्ही न्याहाळत होता, ती आता तुमच्या मागे असते. नाच शिकवण्यासाठी बसवलेली ही साधी सोय आहे, पण एकदा लक्षात आली की थ्रिलर लिहिणाऱ्याला झोप येऊ नये. शिवाय आरसा फक्त तालीमखोलीत. रंगमंचावर समोर काळोख असतो, म्हणजे वर्षभर ज्याच्याकडे बघून स्वतःला सावरलं, तो नेमका प्रयोगाच्या रात्री नसतो.

आता 'स्वान लेक'. पांढरी हंसिणी, काळी हंसिणी, एकाच मुलीची दोन रूपं. शंभरातल्या नव्वद जणांना हेच सुचतं, म्हणून शक्यतो सोडा. सोडवत नसेल तर निदान हिशेब बरोबर ठेवा. ते प्रसिद्ध 32 फुएते, म्हणजे एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या, काळ्या हंसिणीचे, म्हणजे ओदीलचे, तिसऱ्या अंकातले. पांढऱ्या ओदेतला ते नाचायला लावलेलं हस्तलिखित मी वाचलं आहे. 1877 साली मॉस्कोत हा बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा ते त्यात नव्हते. 1895 च्या सेंट पीटर्सबर्गच्या नव्या मांडणीत पिएरीना लेन्यानी या इटालियन नर्तकीमुळे ते आले आणि चिकटले. जाणकार प्रेक्षक ते मनातल्या मनात मोजतात, जशी आपल्याकडे कथकच्या मैफिलीत तिहाई समेवर येते की नाही म्हणून माना ताणल्या जातात. पण 32 पुरे झाले नाहीत म्हणून कुणाचं आयुष्य संपत नाही. रशियन नर्तकी माया प्लिसेत्स्काया त्यांच्याऐवजी रंगमंचाला गोल फेरी मारत गिरक्या घ्यायची, आणि तिच्या कीर्तीला काही धक्का लागला नाही. तेव्हा एकतिसाव्या गिरकीला नायिका कोसळते आणि सगळं संपतं, हा शेवट तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर 'ला बायादेर' या बॅलेतला सावल्यांचा प्रवेश थ्रिलरसाठी जास्त चांगला. एकसारख्या पांढऱ्या पोशाखातल्या 24 किंवा 32 मुली उतारावरून एकामागून एक खाली येतात, प्रत्येक जण तेच अराबेस्क, म्हणजे एक पाय मागे ताणून उचललेली मुद्रा, पुन्हा पुन्हा करते. सगळ्यात पुढची मुलगी ते सगळ्यात जास्त वेळा करते, आणि तिचा पाय थरथरला तर मागच्या सगळ्यांना दिसतं. साक्षीदार तेवीस, चेहरा मात्र एकही वेगळा नाही.

खुनाचं गणित जमत नाही

नायिकेला जखमी केलं की भूमिका प्रतिस्पर्धी मुलीकडे जाते, या समजावर अर्धी कथानकं उभी असतात. मोठ्या कंपनीत एका भूमिकेसाठी सहसा दोन-तीन संच तयार असतात. एक मुलगी पडली तर दुसऱ्या तारखेची मुलगी येते. तुमची खलनायिका समूहनृत्याच्या तिसऱ्या ओळीत असेल तर तिला आठवडाभरात या सगळ्या जणींचे पाय मोडावे लागतील.

नाडी दुसऱ्याच माणसाच्या हातात असते. जानेवारी 2013 मध्ये मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरच्या बॅलेचे कलादिग्दर्शक सर्गेई फिलिन यांच्या तोंडावर त्यांच्या घराबाहेर अ‍ॅसिड फेकलं गेलं. फेकणारा भाडोत्री होता. हल्ला घडवून आणल्याबद्दल शिक्षा झाली ती पावेल दमित्रीचेंको या त्याच कंपनीतल्या एकल नर्तकाला. मारहाण करायला सांगितली होती, अ‍ॅसिडचं आपण बोललोच नव्हतो, असं त्याचं म्हणणं होतं. रोख प्रतिस्पर्ध्यावर नव्हता, भूमिका वाटणाऱ्यावर होता. शिवाय त्या खटल्यात भूमिकांच्या बरोबरीने पैशांच्या वाटपाचीही चर्चा झाली. आपल्या थ्रिलरमध्ये पगाराची स्लिप का दिसत नाही, हा मला नेहमी पडणारा प्रश्न.

बढतीची पद्धतही शहरागणिक वेगळी, आणि ती कथानकाला चांगलीच उपयोगी पडते. पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीत नर्तकांच्या पाच पायऱ्या आहेत: कादरीय, कोरिफे, स्युजे, प्रमिएर दान्सझ आणि सगळ्यात वर एत्वाल, म्हणजे तारा. खालच्या बढत्या परंपरेने अंतर्गत स्पर्धेतून होत आल्या. तारा मात्र स्पर्धेतून होता येत नाही, तिथे नेमणूक लागते. आणि ती अनेकदा प्रयोग संपल्यावर, घामेजलेल्या अंगाने उभं असताना, प्रेक्षकांसमोर जाहीर होते. तिथलं निवृत्तीचं वय 42. पेन्शनच्या प्रस्तावित बदलांविरुद्ध डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या नर्तकींनी ऑपेराच्या बाहेर, पायऱ्यांवर, थंडीत 'स्वान लेक'मधला अंश नाचला होता. एकेचाळीस वर्षांची, अजून तारा न झालेली नायिका घेतली तर वेगळा राक्षस शोधायला नको.

छोट्या, पण हटकून होणाऱ्या चुका

"ती चवड्यांवर उभी राहिली" हे पॉइंटचं वर्णन नव्हे. चवड्यांवर कुणीही उभं राहतं. पॉइंट म्हणजे बोटांच्या टोकांवर, सगळा भार त्या कडक टोकावर. पायाच्या हाडाला बारीक चीर गेली तर ती दोन प्रकरणांत भरत नाही, कित्येक आठवडे जातात. दुखणं लपवणं हे मात्र झकास रहस्य आहे, आणि ते माहीत असलेली फिजिओथेरपिस्ट धोकादायक साक्षीदार. प्रत्येक फ्रेंच शब्दाचा अर्थ सांगत बसू नका. आपण 'गुगली' वाचताना शब्दकोश उघडतो का? प्रयोगाआधी एकमेकींना "शुभेच्छा" म्हणायला लावू नका, त्या "मेर्द" म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये विष्ठा. आणि शिक्षकाला सारखं ओरडायला लावू नका. ओरडा बसतोय तोवर मुलगी आशेवर असते. तो तिच्यासमोरून काही न बोलता पुढे जातो, त्या दिवशी ती रात्री जागी राहते. आपल्याकडे गुरूंसमोर बसून शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मराठी नायिका हवी असेल तर एक खड्डा आहे. आपल्याकडे 'बॅले' म्हणजे पुष्कळांच्या डोक्यात नृत्यनाट्य असतं, शांती बर्धन यांनी 1952 मध्ये मुंबईत उभ्या केलेल्या लिटल बॅले ट्रूपच्या परंपरेतलं. ते वेगळं आणि हे वेगळं. पॅरिस-मॉस्कोसारखी पगारी बॅले कंपनी पुण्यात आहे असं ठोकून देऊ नका. मुंबईचा एक मुलगा 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला, म्हणजे वाट अरुंद असली तरी आहे. पण युरोपात मुलं सहसा दहाव्या-अकराव्या वर्षीच निवडली जातात. तुमची नायिका ते अंतर कसं कापते, व्हिसाचे पैसे कोण भरतं, घरी कोण काय म्हणतं, हे लिहा. कर्ज काढून पाठवलेल्या मुलीला परत येणं शक्य नसतं, आणि तिथून सुटता न येणं हेच तर थ्रिलरला लागतं.

घातपात करणारा कुणी असलाच पाहिजे, असंही नाही. पॅरिसची नर्तकी एम्मा लिव्री जेमतेम विशीची होती. तेव्हा नर्तकींचे घागरे आग लागू नये म्हणून एका द्रावणात बुडवत. त्याने कापड ताठ आणि मळकट व्हायचं, म्हणून तिने नेहमीचाच घागरा घालणार असं लेखी कळवलं होतं. नोव्हेंबर 1862 मध्ये तालमीत तिच्या घागऱ्याने गॅसच्या दिव्याची ज्योत पकडली. पुढच्या जुलैत ती गेली. दिवा तिथेच होता, नियम होता, पत्रही होतं.

एवढं करूनही गाडी अडली तर पियानोवाल्याकडे वळा. रोजच्या क्लासला तो कोपऱ्यात बसलेला असतो. कोण उशिरा आलं, कुणाचा गुडघा कालपासून वाजतोय, कोण कुणाशेजारी दांडा धरत नाही, हे त्याला मान न वळवता दिसतं. क्लास संपला की मुली त्याच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवतात आणि बॅगा उचलून निघून जातात. आजवर आलेल्या हस्तलिखितांतल्या एकाही तपास अधिकाऱ्याने त्याला काही विचारलेलं मी वाचलेलं नाही.