दोन स्वतंत्र चलांचा प्रयोग: नमुना आधी मोजा

गोंगाट (आहे/नाही) आणि कामाची काठिण्यपातळी (सोपी/अवघड) असे दोन स्वतंत्र चल (प्रयोगात आपण मुद्दाम बदलतो त्या गोष्टी) घेतले की 2×2 म्हणजे 4 गट होतात. त्यात 3 पातळ्यांचा तिसरा चल घातला, तर थेट 12. म्हणून प्रश्नाला खरोखर लागतात तेवढेच चल ठेवा.

बरेच प्रयोग फसतात ते आंतरक्रियेच्या (एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलानुसार बदलणं) नमुन्यात, म्हणजे त्यासाठी किती माणसं घ्यायची यात. गोंगाटाचा परिणाम दाखवायला प्रत्येक गटात 50 जण पुरत असतील, तर तोच परिणाम अवघड कामात टिकतो आणि सोप्यात पूर्ण नाहीसा होतो हे दाखवायला प्रत्येक गटात सुमारे 100 लागतात, एकूण 400. परिणाम नाहीसा न होता नुसता निम्मा होत असेल, तर एकूण 1600! एवढी माणसं मिळणार नसतील, तर प्रश्नच बदललेला बरा.

सोपं काम फार सोपं ठेवू नका. सगळ्यांनाच 20 पैकी 20 मिळाले, तर गोंगाटाचा फरक दिसायला जागाच उरत नाही आणि खोटी आंतरक्रिया दिसते. छोट्या पूर्वचाचणीत सरासरी कमाल गुणांच्या बरीच खाली आहे ना, ते पाहा.

आणि अवघड कामात गोंगाटाचा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोगाने सहसा दिसणार नाही एवढा), सोप्यात नाही, एवढ्यावरून आंतरक्रिया सिद्ध होत नाही. तिची स्वतंत्र चाचणी करावीच लागते.