केल्पच्या वाणांवर पीएचडी करायचीय? आधी पातं कापायला शिका

रत्नागिरीत मत्स्यविज्ञान शिकताना मी केल्प, म्हणजे मोठं तपकिरी समुद्री शेवाळ, फक्त पुस्तकात पाहिलं होतं. आपल्या किनाऱ्याला सरगॅसम हे दुसरं तपकिरी शेवाळ मिळतं. केल्पला थंड पाणी लागतं. आता नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमला, शुगर केल्प या जातीच्या वाणांवरची माझी पीएचडी संपत आलीय. इकडे येऊ पाहणारी मुलं हमखास दोन गोष्टी विचारतात: फी किती, आणि कुठलं मशीन शिकून येऊ?

फीचं पटकन सांगते. इथे पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिराती जॉबनोर्गे या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर लागतात. मास्टर्सला मात्र २०२३पासून युरोपबाहेरच्यांना फी पडते.

मशीन इथे आल्यावर शिकता येतं. मला महागात पडली ती कात्री.

पहिल्या वर्षी तीन वाणांमधलं मॅनिटॉल, म्हणजे केल्पमधली एक साखर, मोजलं. एकात ते इतकं जास्त निघालं की मी आलेख रंगवूनच गाईडकडे गेले. तिने एवढंच विचारलं, "पात्याचा कुठला भाग कापलास?" केल्पचं पातं टोकाला वाढत नाही, देठ आणि पातं जुळतं तिथे वाढतं. म्हणजे टोक सगळ्यात जुनं. दोन वाणांचे तुकडे मी देठाजवळचे घेतले होते आणि तिसऱ्याचे, बोट हलत होती म्हणून, हाताला लागले तिथले. मी वाण मोजलाच नव्हता, पात्याचं वय मोजलं होतं. ऋतूचंही तेच. मॅनिटॉल आणि लॅमिनारिन ही साठवणीची साखर उन्हाळ्यात चढते, हिवाळ्यात उतरते. एक वाण मार्चमध्ये आणि दुसरा जूनमध्ये कापलात तर ती तुलना फेकून द्या.

उष्णता सोसण्याची चाचणीही अशीच फसवी. समुद्रातून आणलेली रोपं थेट टाकीत टाकली, तर त्यांनी आधी कुठलं पाणी सोसलंय तेच मोजलं जातं. म्हणून आम्ही सगळे वाण गॅमेटोफाइटपासून एकाच तापमानाला वाढवतो. गॅमेटोफाइट म्हणजे केल्पची नर-मादी अशी इवलीशी पिढी, ती सूक्ष्मदर्शकातच दिसते. लाल प्रकाशात गॅमेटोफाइट वर्षानुवर्षं तसेच राहतात, निळा प्रकाश दिला की फळायला लागतात. या जातीला १० ते १५ अंश मानवतात. माझ्या टाक्यांत १८ला सगळे वाण मजेत होते, २३ला सगळे पांढरे पडले. फरक दिसला तो मधल्या दोन-तीन अंशांत. आणि चाचणीसाठी पात्याच्या चकत्या कापल्या कापल्या मोजायला बसू नका. रात्रभर ठेवा, नाहीतर जखमेचा ताण उष्णतेच्या नावावर चढतो.

आरएनए काढायला दोन नव्हे, सहा महिने धरा. पहिल्यांदा ट्यूब उलटी केली तर आतलं सगळं शेंबडासारखं लटकत राहिलं. ते अल्जिनेट, केल्पमधला चिकट पदार्थ; त्यासाठी लोक केल्प विकत घेतात, आणि आम्ही त्याला शिव्या घालतो.

नवे वाण घडवायची हौस असेल, तर मात्र चीनकडे बघा. जपानच्या थंड पाण्यातलं केल्प त्यांनी पार फुजियानपर्यंत नेलं, त्यामुळे उष्णता सोसणारे वाण निवडायचं काम तिथे कित्येक दशकं चाललंय. चिंगदाओत त्याच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत. इथे परक्या वाणाचे बीजाणू रानटी केल्पमध्ये मिसळतील ही धास्ती, म्हणून बियाणं जवळच्याच किनाऱ्याचं घ्या असा आग्रह असतो. माझे तिन्ही 'वाण' म्हणजे खरं तर तीन फ्योर्डांतली (डोंगरांमधल्या खोल खाड्यांतली) तीन गावठी बियाणी आहेत.