प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग: सामान काय घ्यायचं आणि गोव्यात राहून तयारी कशी करायची

म्हापशाची काय नि फोंड्याची काय, एअर पिस्तूल मारणारी पोरं हल्ली मोबाईलवर प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघतात आणि मग विचारतात, दादा हे आपल्याला जमेल का, पिस्तूल कुठलं घेऊ. पिस्तुलाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. या खेळात वेळ जातो तो दोन शॉटच्या मधे, म्हणजे होल्स्टरमधून (कमरेच्या बेल्टवरची पिस्तुलाची म्यान) काढताना, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाताना, मॅगझिन (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची पेटी) बदलताना, पळताना, आणि या सगळ्याची तयारी एकही गोळी न झाडता घरी करता येते. म्हणून हे लिहितोय.

आधी खेळ समजून घ्या. १९७६ मध्ये अमेरिकेत आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही या खेळाची संघटना सुरू झाली, जेफ कूपर पहिले अध्यक्ष. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये तुम्ही एका जागी उभे राहता, दहाचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलीमीटरचं आणि ६० शॉटना ७५ मिनिटं. प्रॅक्टिकलमध्ये टार्गेटं मोठी आणि बरीचशी जवळ असतात, काही पुठ्ठ्याची, काही लोखंडी, काही अर्धी झाकलेली, मधेच एखादं नो-शूट, ज्याला गोळी लागली की दंड. बीप वाजला की घड्याळ सुरू आणि शेवटच्या गोळीला बंद. सामन्यातल्या टार्गेटांच्या एकेका मांडणीला स्टेज म्हणतात, छोट्या स्टेजला जास्तीत जास्त १२ गोळ्या, मध्यमला २४, मोठ्याला ३२. कुठून काय मारायचं हे बरंचसं तुम्ही ठरवायचं.

गुण कसे मोजतात हे नीट कळलं की अर्धी टेक्निक आपोआप कळते, म्हणून इथे जरा थांबा. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, याला हिट फॅक्टर म्हणतात. मायनर पॉवरवर (कमी ताकदीच्या गोळ्यांचा वर्ग) टार्गेटच्या मधल्या ए झोनला ५, त्याबाहेरच्या सी ला ३, डी ला १, चुकली तर वजा १०. आता ६ टार्गेटं, प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे ६० गुणांची स्टेज धरा. पहिल्याने १० ए आणि २ सी मारले, ५६ गुण, वेळ ८ सेकंद, हिट फॅक्टर ७. दुसरा घाई करून ७ सेकंदांत संपवतो पण ७ ए, ४ सी, १ डी, म्हणजे ४८ गुण, हिट फॅक्टर ६.८६. तिसरा अगदी निवांत, बाराच्या बारा ए, पण १० सेकंद, हिट फॅक्टर ६. पहिला जिंकला. आणि त्याच पहिल्याची एक सी जाऊन मिस झाली असती तर ४३ भागिले ८, फक्त ५.३८, म्हणजे सगळ्यात खाली. हिट फॅक्टर ७ च्या स्टेजवर एक सेकंद ७ गुणांचा असतो, ए च्या जागी सी लागली तर २ गुण जातात, म्हणजे साधारण ०.२९ सेकंद. एवढ्याहून कमी वेळात नेम सुधारत असेल तर थांबा, जास्त लागत असेल तर मारा आणि पुढे चला. हा हिशेब डोक्यात बसला पाहिजे.

आता आपल्याकडची अडचण. ९ मिमी × १९ हे काडतूस भारतात प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे मनाई असलेल्या वर्गात, साध्या परवान्यावर मिळत नाही, .३२ आणि .२२ मिळतं. आयपीएससीत मायनरसाठी किमान १२५ पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी १०५० वेगाने गेली की १३०.२, काम झालं. .३२ ची ७१ ग्रेनची गोळी ९०० ने गेली तरी ६४ च्या आतच. त्यामुळे प्रॅक्टिकलसाठी म्हणून .३२ घ्यायला धावू नका. परवान्याचा ताजा नियम काय ते जिल्हाधिकारी कार्यालयात, उत्तर गोवा असाल तर पणजीला, दक्षिण असाल तर मडगावला, स्वतः जाऊन विचारा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, एअर पिस्तूलसाठी सुद्धा.

मग पाया कशावर घालायचा? एअर पिस्तूलवर ट्रिगर शिका, नंतर रेंजवर मिळालं तर .२२ चं २५ मीटर. रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४, हात खाली ४५ अंशात ठेवून सुरुवात. यातच विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रौप्य मिळवलं. बायकांच्या २५ मीटरच्या रॅपिड भागात टार्गेट ३ सेकंद समोर, मग ७ सेकंद वळलेलं, आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये त्याच इव्हेंटचं सुवर्ण आणलं. हात वर येता येता डोळ्याने साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) पकडायची आणि ट्रिगर त्याच वेळी घ्यायचा, हे जे तिथे शिकता ते प्रॅक्टिकलमध्ये जसंच्या तसं चालतं.

सेफ्टी. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही. पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चाला, ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका, साईट टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरवर नाही, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं. सामन्यात नळी समोरच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे गेली, पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिलं, स्टेज चालू असताना पिस्तूल हातातून पडलं, की डीक्यू, म्हणजे डिस्क्वालिफाय, तुमचा सामना तिथेच संपला आणि वाद घालून उपयोग नाही. घरी ड्राय फायर (गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव) करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा, मग परत डोळ्याने. नेम धरायचा तो चिऱ्याच्या जाड भिंतीवर, लाकडी पार्टिशनवर नाही, खिडकीकडे तर मुळीच नाही. बाल्कनीत पिस्तूल हातात घेऊन उभं राहू नका, निळं प्लास्टिकचं डमी असलं तरी, बाहेरून बघणाऱ्याला ते कळत नाही आणि शेजारी पोलिसांना फोन करतील तर त्यांचं काही चुकलं नाही. सराव संपला की "संपला" असं मोठ्याने म्हणा आणि पिस्तूल लगेच आत ठेवा, कारण "अजून एकदाच" म्हणून परत हातात घेतात तेव्हाच घात होतो. .२२ असेल तर स्नॅप कॅपशिवाय (पिनचा मार झेलणारी नकली गोळी) ड्राय फायर नको, बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. मॅच एअर पिस्तुलांना बहुतेक वेळा ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा.

सामान. आधी डोळ्यांना पॉलीकार्बोनेटचा चष्मा आणि कानांना मफ, यात पैसे वाचवू नका, लोखंडी टार्गेटवरून शिशाचे कण उलटे येतात, म्हणून तर ७ मीटरच्या आतून लोखंडावर मारायला बंदी आहे. मग बेल्ट. दोन पदरी बेल्ट घ्या, आतला वेल्क्रोचा, बाहेरचा कडक, कारण बेल्ट हलला की होल्स्टर हलतं आणि हात रोज वेगळ्या जागी जातो. होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लास्टिक), ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं. चामड्याचं दिसतं छान पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि ते ओलावा धरून पिस्तुलाला गंज देतं. मॅगझिनचे पाऊच चार पुरेत. शूज ट्रेल रनिंगचे, खाली चांगली पकड असलेले, लाल मातीचा चिखल झाला की साधे स्पोर्ट्स शूज सरळ घसरतात. टाइमर विकत घ्यायची घाई नको, ड्राय फायरला मोबाईलवरचं पार टाइम (आधी ठरवलेली मुदत) संपला की बीप देणारं ॲप चालतं. रेड डॉट (लाल ठिपक्याची साईट) आणि हलका ट्रिगर वगैरे नंतर, आणि कुठल्या डिव्हिजनमध्ये (सामानानुसार केलेला गट) खेळणार त्यावर अवलंबून, उदाहरणार्थ प्रॉडक्शन डिव्हिजनला सुरुवातीला मॅगझिनमध्ये १५ च गोळ्या चालतात, मग मोठ्या मॅगझिनवर खर्च कशाला.

जून ते सप्टेंबर गंजाचा वेगळाच ताप. घामेजल्या हाताने धरलेली स्लाईड एका रात्रीत लाल डाग दाखवते, किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा अजून भर घालते. वापर झाला की सुक्या कपड्याने पुसा, तेलाचा पातळ हात द्या, आणि फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम पाणी धरतो. कुलपाच्या कपाटात सिलिका जेल ठेवा आणि तो अधूनमधून बदला. हाताच्या घामावर लिक्विड चॉक लावा, जिममध्ये वापरतात तोच.

आता टेक्निक, आणि सुरुवात ग्रिपपासून, म्हणजे पकडीपासून. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जितका वर जाईल तितका वर, मधे फट नको. डाव्या बाजूला पिस्तुलाच्या मुठीचा जो मोकळा भाग उरतो तो डाव्या हाताच्या तळव्याने भरा, डावं मनगट थोडं पुढे खाली झुकवलेलं, दोन्ही अंगठे टार्गेटकडे. दाब डाव्या हाताचा जास्त, उजव्याचा कमी, कारण उजवा हात आवळला की ट्रिगरचं बोट जड होतं आणि गोळी खाली डावीकडे जाते. डावखुऱ्यांनी सगळं उलट करा. पाय खांद्याइतके, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पंजांवर.

ड्रॉ, म्हणजे होल्स्टरमधून पिस्तूल काढणं, तुकड्यातुकड्याने शिका. बीप झाला की उजवा हात होल्स्टरवर आणि डावा हात त्याच क्षणी छातीवर, दोन्ही एकत्र निघाले पाहिजेत, डावा हात लटकत राहिला की मागाहून तो पिस्तुलाला गाठायला जातो आणि ग्रिप बिघडते. पूर्ण पक्की पकड होल्स्टरमध्येच झाली पाहिजे, वर आल्यावर दुरुस्ती नाही. मग सरळ वर, नळी पुढे वळते, छातीसमोर दोन्ही हात जुळतात, आणि तिथून डोळ्याच्या रेषेत पुढे ढकलायचं. हात पुढे जात असताना साईट दिसायला लागते, त्याच वेळी ट्रिगरचा मोकळा भाग घ्यायचा, हात थांबले की शॉट. ७ मीटरच्या टार्गेटवर सुरुवातीला पार टाइम २ सेकंद ठेवा, दहातले नऊ ड्रॉ स्वच्छ झाले की ०.१ ने कमी करा. खांदे वर चढले किंवा डोकं पिस्तुलाकडे खाली गेलं तर वेळ वाढवा आणि परत हळू करा.

ट्रिगरसाठी कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा, टार्गेट नाही, फक्त फ्रंट साईट. दाबा आणि टिक वाजते तेव्हा साईट हलली का ते बघा. हलली तर कुठे हलली ते तोंडाने बोला, "खाली", "डावीकडे". यातूनच पुढे कॉल करणं येतं, म्हणजे गोळी सुटली त्या क्षणी साईट कुठे होती हे दिसल्यामुळे टार्गेटकडे न बघताच सी लागली की ए हे कळतं, आणि परत मारायचं की पुढे जायचं हा निर्णय तिथल्या तिथे होतो. माझ्या मते चांगला शूटर आणि नुसता भराभर मारणारा यांच्यातला फरक इथेच आहे.

टार्गेट बदलताना आधी डोळे, मग पिस्तूल. डोळा दुसऱ्या टार्गेटच्या नेमक्या मधोमध एका ठिपक्यावर टाका, पूर्ण पुठ्ठ्यावर नाही, पिस्तूल त्याच्या मागे येतं. खांद्याने नाही, गुडघ्यांपासून वळा. घरात भिंतीवर तीन छोटे स्टिकर लावून रोज करता येतं.

मॅगझिन बदलताना पिस्तूल खाली कमरेजवळ नेऊ नका, तोंडासमोरच ठेवा, मुठीतलं मॅगझिन घालायचं भोक थोडं आत वळवून. अंगठ्याने बटण दाबताच डावा हात पाऊचवर. नवीन मॅगझिनचा तळ तळव्यात, तर्जनी पुढच्या बाजूने वर पहिल्या गोळीपर्यंत. डोळा भोकाच्या कडेवर, टार्गेटवर नाही. इथे डमी राउंड (नकली गोळ्या) भरलेली मॅगझिनं वापरा, रिकाम्याचं वजन वेगळं लागतं आणि हाताला खोटी सवय लागते. खाली जुनी चादर टाका, फरशीवर आपटून मॅगझिनचे ओठ वाकतात.

पळण्यात सगळ्यात जास्त सेकंद सांडतात. निघताना पहिलं पाऊल जोरात, आणि पोचायच्या दोन पावलं आधी पिस्तूल डोळ्यासमोर आलेलं पाहिजे, पाय टेकले की साईट आधीच टार्गेटवर. बोट मात्र बाहेर, आणि नळी कायम समोर, मागे वळून पळताना सुद्धा. ही प्रॅक्टिस अंगणात निळ्या डमीवर करा, अर्थात कंपाउंडच्या आत.

वेळ किती द्यायचा? रोज पंधरा मिनिटं, याहून जास्त केलंत तर हात थकतो आणि चुकीचं घोटलं जातं. चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, लहान पोरं सगळीकडे फिरतात, तेव्हा सराव पूर्ण बंद. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, त्या काळात डमीवर ड्रॉ आणि पळणं चालू ठेवा, त्यात काही बिघडत नाही.

पहिल्या सामन्याआधी हुकूम कानाला सवयीचे करून घ्या. "लोड अँड मेक रेडी", "आर यू रेडी", "स्टँडबाय", त्यानंतर १ ते ४ सेकंदांत बीप. संपल्यावर "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर", मग "इफ क्लिअर, हॅमर डाऊन, होल्स्टर", आणि "रेंज इज क्लिअर" ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. स्टेज चालून बघायला थोडीच मिनिटं मिळतात, त्यात प्रत्येक टार्गेट कुठून दिसतं आणि मॅगझिन कुठे बदलायचं ते ठरवा, मग डोळे मिटून पूर्ण स्टेज मनात चालवा, कुठे अडलात तर परत तिथे जाऊन बघा. आपला नंबर नसेल तेव्हा टार्गेटवरच्या भोकांना पॅच (चिकटपट्टी) लावायला पुढे व्हा, जवळून बघितलं की कुणाच्या गोळ्या कुठे गेल्या ते दिसतं, आणि ज्याचे दोन्ही ए एकमेकांना चिकटून आहेत त्याच्या पायांकडे पुढच्या स्टेजला नीट लक्ष द्या.