उजवीकडचे ११२०

फैजपूरला माझ्याकडे संध्याकाळी दहावीची पोरं येतात, त्यातली निम्मी थेट केळीच्या बागेतून. म्हणून उदाहरणही बागेतलंच. जितक्या ओळी, त्याहून तीन कमी खोडं प्रत्येक ओळीत. ओळी क्ष मानल्या, तर एकूण खोडं फ(क्ष) = क्ष(क्ष − ३), म्हणजेच क्ष² − ३क्ष. बाग ११२० खोडांची. ओळी किती?

दरवर्षी कोणीतरी घाईने ओरडतंच, "सर, क्ष = ११२०, नाहीतर क्ष − ३ = ११२०!" अरे भो, ११२० ओळींची साडेबारा लाख खोडं होतात. दीड मीटरवर लावलीस तरी सातशे एकर लागतील. कुठून आणशील?

गुणाकार शून्य असला तरच दोघांपैकी एकाला शून्य व्हावंच लागतं. ११२० तर ४० × २८ नेही होतात. म्हणून अवयव पाडायचे तर आधी ११२० डावीकडे आणा: क्ष² − ३क्ष − ११२० = ०. गुणाकार ११२०, फरक ३. जोडी ३३ च्या आसपास शोधा, कारण ३३ चा वर्ग १०८९. सापडतात ३२ आणि ३५:

(क्ष − ३५)(क्ष + ३२) = ०

क्ष = ३५ किंवा −३२. उणे ओळी कोणी लावत नाही, तेव्हा ओळी ३५. पण प्रश्नात बाग नसेल, नुसतं फ(क्ष) = ११२० असेल, तर −३२ खोडू नका; १०२४ + ९६ = ११२० होतातच. हुशार पोरांचा मार्क इथेच जातो.

अवयव सुचेनात, तर श्रीधराचार्यांची रीत. ती भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवली. हेच ते भास्कराचार्य, ज्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. तिथे शिलालेख आहे. मला ही रीत जास्त आवडते, कारण ११२० ला जागचं हलवावं लागत नाही. वर्गपदाच्या सहगुणकाच्या, म्हणजे क्ष² च्या आधीच्या आकड्याच्या, चौपटीने, इथे ४ ने, दोन्ही बाजू गुणा. मग मधल्या सहगुणकाचा वर्ग, ९, दोन्हीकडे मिळवा:

४क्ष² − १२क्ष + ९ = ४४८९
(२क्ष − ३)² = ६७²

२क्ष − ३ = ६७ किंवा −६७. पुन्हा ३५ आणि −३२.

आता त्याच फलनात फ(क्ष) = −३ घेऊन बघा. याच रीतीने उजवीकडे −१२ + ९, म्हणजे −३ उरतं. वर्ग ऋण कसा होणार? वास्तव मूळ नाही, असं लिहा आणि पुढचं गणित घ्या.