डावखुऱ्यांनी रायफल घेताना

छर्रा भरायची लिव्हर कुठल्या बाजूला आहे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. डावखुऱ्या मुलाला घेऊन आईवडील नेमबाजीच्या रेंजवर येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो, आणि दुकानदारही अर्धा तास त्यावरच बोलतो. मी स्वतः डावरी. कॉलेजात असताना एनसीसीची .22 डिलक्स रायफल पहिल्यांदा हातात आली. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला ओढायचा दांडा, उजवीकडे. आडवं पडून, डावा हात वरून पलीकडे टाकून तो ओढायचा, पुन्हा ग्रिपवर यायचं, पुन्हा श्वास जुळवायचा. तेव्हा मलाही वाटायचं की सगळं अडतंय ते याच्यापायी. आता बावीस वर्षं डाव्या खांद्याला बट लावतेय, शनिवार-रविवार नवीन मुलांना शिकवतेय, आणि सांगते: आपलं अडतं ते डोळा, ग्रिप आणि गाल या तीन ठिकाणी.

मी बोलतेय ती 10 मीटरच्या एअर रायफलबद्दल. एका वेळी एकच छर्रा, 4.5 मिलिमीटरचा. शिकारीचा विषय आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटलेला आहे, त्यामुळे मुंबईत एका वेळी एकच बार काढणारी रायफल घ्यायची म्हणजे कागदावरच्या गोलासाठीच. .177 कॅलिबर (तेच 4.5 मिलिमीटर) आणि 20 ज्यूलच्या आतली शक्ती असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, म्हणजे बरीच आत. तरी बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स केसमध्ये ठेवा. लोकलमध्ये सगळ्यांना तो वाजवायचा की-बोर्ड वाटतो, पण एखाद्या दिवशी कोणी उघडायला सांगितलं तर कागद दाखवून दोन मिनिटांत मोकळे होता.

आधी डोळा. वरळी सी फेसला उभे राहा, दोन्ही हात समोर ताणा, तळव्यांमध्ये चहाच्या कटिंगच्या ग्लासाच्या तोंडाएवढी फट ठेवा आणि त्या फटीत सी लिंकचा उंच खांब पकडा. आता हात न हलवता एक-एक डोळा मिटा. जो डोळा मिटल्यावर खांब फटीतून पळतो, तो तुमचा नेमाचा डोळा. गच्चीवरून समोरच्या टाकीवरही हे जमतं. डावा हात आणि डावा डोळा जुळले तर पुढचं वाचा. हात डावा आणि डोळा उजवा निघाला, आणि मूल अगदी नवीन असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तीन आठवडे क्लबच्या रायफलवर दोन्ही खांद्यांनी मारून बघा आणि जमत असेल तर उजव्या खांद्यालाच राहा. नेमबाजीचा जाड कोट, ग्रिप, सगळ्याचे पैसे आणि वाट बघणं वाचेल. काही कोच हात बदलू देत नाहीत, दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावून काम चालवतात. तेही चालतं. नियमात ती पट्टी 30 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा मिटून मात्र नेम धरू नका. दहा मिनिटांत चेहरा आखडतो आणि उघडा डोळाही थकतो.

आता ग्रिप. इथे मी पैसे आणि पाच महिने, दोन्ही घालवलेत. माझी पहिली स्वतःची रायफल सेकंडहँड, ॲल्युमिनियमच्या बॉडीची, उजव्या ग्रिपची. विकणाऱ्याने सांगितलं, "मॅडम, डावी ग्रिप पंधरा दिवसांत मागवून देतो." ती आली पाच महिन्यांनी. तोवर मी उजव्या ग्रिपवर मारत होते. उजव्या ग्रिपचा फुगवटा उजव्या तळव्यासाठी कोरलेला असतो. डाव्या हाताला तिथे पोकळी मिळते आणि अंगठ्याची जागा नेमकी बोटांखाली येते. मनगट वाकडं होतं, तर्जनी ट्रिगरवर तिरकी पडते आणि सरळ मागे ओढण्याऐवजी ट्रिगरला उजवीकडे ढकलते. माझे छर्रे सगळे तीन वाजण्याच्या बाजूला, आणि मी वेड्यासारखी नेमाची साइट फिरवत बसलेली. दहाचा गोल अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, त्यात असलं ढकलणं खपत नाही.

म्हणून दुकानात रायफल हातात आली की डोळे मिटून ग्रिप पकडा. जोर लावू नका. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सपाट बसतंय का बघा, आणि बोटाचा बाकीचा भाग बॉडीला घासत नाही ना. घासत असेल तर ट्रिगर दाबताना प्रत्येक वेळी रायफल थोडी सरकणार. डाव्या ग्रिपमध्येही लहान, मध्यम, मोठी असे आकार येतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मोठी ग्रिप "वाढत्या अंगाची" म्हणून घेऊ नका, तो काही शाळेचा गणवेश नाही. लाकडी ग्रिप थोडी बसत नसेल तर कानशीने घासता येते आणि खड्डा एम-सीलने भरता येतो. आमच्याकडे अर्ध्या ग्रिपांवर ते राखाडी डाग दिसतात. ओला एम-सील लावून, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, रोजच्यासारखी पकड धरायची. बोटांचे ठसे जिथे उमटले, तिथे तुमचा हात. सुकल्यावर सँडपेपर मारायचा.

गालाचं दुखणं लाकडी बॉडीत जास्त. उजव्याचा गाल बटाच्या डाव्या बाजूला टेकतो, म्हणून फुगवटा तिथे कोरलेला असतो. आपला गाल उजव्या बाजूला, तिथे सपाट लाकूड. अशी जुनी रायफल स्वस्त मिळाली तरी डाव्याने घेऊ नये. ॲल्युमिनियमच्या बॉडीत चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, वर-खाली आणि आडवा दोन्हीकडे सरकतो, खांद्याला टेकणारी बटप्लेटही वळते, त्यामुळे बहुतेक वेळा फक्त ग्रिप बदलून काम होतं. तपासणी सोपी: डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मान सैल सोडून गाल टेकवा, मग डोळा उघडा. मागच्या साइटच्या भोकात पुढच्या साइटची रिंग मधोमध दिसली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर मान वळवून ती जुळवू नका, चीकपीस हलवा. पुरेसा हलत नसेल तर ती रायफल ठेवून द्या, किंमत कितीही गोड असो.

आता लिव्हर. स्पर्धेत 60 छर्रे आणि 75 मिनिटं, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. सरावाची 15 मिनिटं वेगळी. रायफल स्टँडवर टेकवून सावकाश भरायची असते, घाई कसली? उलट विचारा की भरताना कुठला हात ग्रिपवर ठेवायचाय. मी डावा हात ग्रिपवरून काढतच नाही, उजव्याने लिव्हर उघडते, छर्रा ठेवते, बंद करते. मला उजवीकडची लिव्हरच सोयीची पडते! काही मॉडेलांत ती बाजू बदलूनही मिळते.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तोही डावरा, तिकडे हरणांच्या शिकारीच्या सीझनला जातो. त्याने बोल्टवाल्या सोडून रुगर नंबर 1 घेतली. तिची लिव्हर ट्रिगर गार्डच्या खाली, सेफ्टी बटाच्या मानेवर अंगठ्याखाली. डावं-उजवं काही नाहीच. त्यालाही मी फोनवर तेच सांगितलं होतं, गाल टेकवून बघ.

सेकंडहँड एअर रायफल घेत असाल तर तिच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर खिशाला बसतो. संध्याकाळी प्रेशरचा आकडा लिहून ठेवायला सांगा, सकाळी पुन्हा बघा. उतरला असेल तर सील गेलंय. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. आपल्या दमट हवेत लाकडी ग्रिप फुगते आणि जूनमध्ये बसलेली पकड ऑगस्टमध्ये अनोळखी वाटते.

कोट आणि ग्लोव्ह यांना वेळ धरा, कारण डाव्याचा कोट बहुतेक ऑर्डरनेच शिवतात. ग्लोव्हची एक गंमत आहे. तो रायफल पेलणाऱ्या हाताला घालतात, म्हणजे डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हाताचा. मी फोनवर "लेफ्ट हँड ग्लोव्ह" सांगितलं आणि दुकानदाराने मुकाट्याने डाव्या हाताचा पाठवला, जो उजव्या नेमबाजाचा असतो. परत घेतला नाही. तेव्हा ऑर्डरमध्ये "डावखुऱ्या नेमबाजासाठी, उजव्या हातात घालायचा" असं अख्खं वाक्य लिहा.

आणि रेंजवर लेन, म्हणजे उभं राहून मारायची जागा, निवडायची मुभा असेल तर डावीकडची अगदी शेवटची मागा. उजवा नेमबाज छाती उजवीकडे करून उभा राहतो, आपण डावीकडे. तुमच्या डाव्या हाताला कोणी उजवा उभा असेल तर तासभर दोघं समोरासमोर. माझ्या पहिल्या स्पर्धेत तसंच झालं. समोरचा मुलगा प्रत्येक छऱ्याआधी ओठ चावायचा, आणि विसाव्या छऱ्यापर्यंत मीही चावायला लागले होते.